पेजेचा ताळेबंद

मालवणात सकाळी दहा-अकराच्या सुमारास भेटणारा माणूस "कसं काय?" असे विचारत नाही. तो विचारतो, "पेज जेवलंस?" हा प्रश्न प्रकृतीचा, सांपत्तिक स्थितीचा आणि घरात पटते की नाही याचा, असा तिहेरी असतो. "जेवलंय" म्हटले की तिन्ही खाती एकदम जुळली!

पेज म्हणजे तांदूळ, पाणी आणि मीठ. बी.कॉम. झालेल्या माणसाला यात चुकण्याजोगे काही दिसत नाही. पण वरून परिपत्रक एकच यावे आणि प्रत्येक शाखेने त्याचा निराळा अर्थ लावावा, तशी घरोघरच्या पेजेची गत आहे.

आमच्या आईच्या मते खरी पेज उकड्या तांदळाचीच. आधी भरपूर पाण्याला आधण आणायचे, मग धुतलेला तांदूळ वैरायचा. शीत फुलले पाहिजे, पण मोडता कामा नये. मीठ शेवटी. घाई असेल तर कण्यांची पेज. तिला आई पेज न म्हणता 'भागवाभागव' म्हणते. उन्हाळ्यात नाचणीची आंबील. पीठ रात्री भिजवायचे, सकाळी आधणात सोडून गुठळी होऊ न देता ढवळायचे आणि निवल्यावर ताक घालायचे. तापकऱ्याला नुसती वरची निवळ, मीठ आणि थेंबभर तूप. तोंडी लावायला भाजलेला खारा बांगडा, नाहीतर खारातली कैरी. आजोबा फणसाचे पान दुमडून त्याचाच चमचा करीत. तो घासावा लागत नसे, हरवला तरी घरात चौकशी होत नसे.

आमची सौ. डोंबिवलीची. ती कुकरच्या चार शिट्यांत पेज करते. आई चव घेते आणि शांतपणे शेरा मारते, "भात बरो झालो हा. पाणी वायच जास्त पडला."

चिरंजीव ओट्स खातात. "बाबा, यात फायबर असतं." असेल बापडे! पण साहेबाचे प्रशस्तिपत्र आमच्या उकड्या तांदळालाही आहे. भात सालासकट उकडला की कोंड्यातले बी-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि गिरणीतून बाहेर पडल्यावरही बरेचसे तिथेच राहते. हे जीवनसत्त्व नसले की बेरीबेरी होतो. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला पांढऱ्याशुभ्र तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या. त्या शोधासाठी त्याला १९२९ साली नोबेल मिळाले. नाचणीची पाळी जरा उशिरा आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ही बातमी आईला वाचून दाखवली, तर म्हणाली, "आणि बाकीच्या वर्सांनी काय खातले?"

तरीपण पेजेची खरी कृती शिजवण्यात नाही, वाढण्यात आहे. शीत तळाला बसते, पाणी वर राहते. डाव किती खोल घातला, यावर कुणाच्या वाट्याला काय आले ते ठरते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. तो आणि मी साधारण एकाच वयाचे, आणि सुरुवातीला दोघांचीही ओढगस्तच होती. बाबा नांगर सोडून येत, त्यांना डाव तळापर्यंत. आम्हा पोरांना मधली, बरी दाट. ऐन वेळी पाहुणा आला की आजी ओटीवरूनच हाक मारी, "पाणी वाढव गो!" आणि कुणीही उपाशी उठत नसे. सगळ्यांच्या शेवटी आई बसायची. तिच्या ताटलीत निवळ. विचारले तर म्हणायची, "माका निवळच आवाडता."

मी गेली वीस वर्षे लोकांच्या नोटा मोजतो आहे. या धंद्यात एक गोष्ट कळते. शिल्लक कमी असूनही ज्या खिडकीचा हिशेब रोज न चुकता जुळतो, तिथे कुणीतरी स्वतःच्या खिशातून भर घालीत असते. ती भर कुठल्याच वहीत दिसत नाही.

आता तांदळाला तोटा नाही. रविवारी वाढायचे काम माझ्याकडे असते. आई ताटली पुढे करून अजूनही म्हणते, "माका वरचीच घाल." ही आवड की सवय, हे तपासायला कागदपत्रे नाहीत. मी आपला डाव तळाशी टेकेपर्यंत आत घालतो.