लिहायचं नाटुरे, म्हणायचं नेचर

कडेगावात आमच्या घरी पाचवीतलं पोर कायम एक तरी असायचंच. चुलत-सख्ख्यांची रांगच तशी होती. एक सहावीत सरकलं की मागचं पाचवीत यायचं आणि दिवेलागणीला सोप्यात पुन्हा तीच घोकणी सुरू व्हायची. टी यू आर ई चर, टी आय ओ एन शन. थोरल्यांना इंग्रजी आठवीत भेटली, आम्हाला पाचवीत. पुढं २००० साली सरकारनं ती पहिलीपासूनच सुरू केली, म्हणजे तिची वाट बघणंही संपलं.

नवं पुस्तक फक्त थोरल्याच्या नशिबी. बाकीच्यांना घरातलंच, नाहीतर गल्लीतून निम्म्या किमतीत घेतलेलं. मे महिन्यात मोठी आई कणकेची खळ शिजवायची. पाठ सुटलेल्या पुस्तकाला दाभणानं भोकं पाडायची, सुतळी ओवायची, गाठ दातानं आवळायची आणि वर पेपरचं कव्हर. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून त्यांची रफ वही शिवायची. इंग्रजीला मात्र चाररेघी वही विकतचीच लागायची, त्यामुळं तिच्या पानाचा कोपराही वाया जात नसे. वीरकरांची डिक्शनरी घरात एकच. ती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असायची आणि हात धुतल्याशिवाय मिळायची नाही.

पुस्तकांबरोबर आधीच्यांची पेन्सिलही वारसाहक्कानं यायची. शब्दांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. नेचरवर नाटुरे, फ्युचरवर फुटुरे, पिक्चरवर पिक्टुरे, बिकॉजवर बेकाउसे. लोक याला हसतात. हसू देत. मराठीनं आम्हाला लिहावं तसं वाचायची सवय लावलेली. इंग्रजी तशी वागेना, म्हणून आम्ही एकेका शब्दाला दोन-दोन नावं ठेवली, एक कागदावरचं आणि एक चारचौघांतलं. लिहायचं नाटुरे, म्हणायचं नेचर. कुठल्याही भाषातज्ज्ञानं याहून सोपी युक्ती काढून दाखवावी.

शब्द सुटे येत नसत, टोळीनं येत. टी आय ओ एनच्या टोळीतले निम्मे तर आमच्या घरात आधीपासूनच मुक्कामाला होते. रेशन होतं, बहात्तरच्या दुष्काळातली मिलोची लाल भाकरी खाल्लेल्यांना तो शब्द शिकवायला नको होता. स्टेशन म्हणजे कऱ्हाड, नाहीतर किर्लोस्करवाडी. आज्जीला अक्षरओळख नव्हती, पण विलेक्शन, इंजिक्शन आणि आपरेशन तिच्या तोंडात कायम. या सगळ्यांचं शेपूट एकच, हे मात्र पाचवीत कळलं. इरिगेशनची तेवढी तऱ्हा वेगळी. त्याचं स्पेलिंग आधी आलं, डबल आर सकट, आणि पाणी फार नंतर. ताकारी आणि टेंभूच्या योजनांनी कृष्णेचं पाणी वर उचलेपर्यंत आम्ही इरिगेशन पाठ म्हणत घागरी भरत होतो.

सर म्हणायचे, शेपूट आधी पाठ करा, तोंड मागनं चिकटवा. कडेगावच्या पोरांना हे लगेच उमगायचं, कारण मोहरमला आमचे गगनचुंबी ताबूत बांधतात तेही असेच, आधी कळस मग पाया. आय जी एच टीचा कळस धरायचा आणि त्याला एल, एन, आर, एफ जोडत जायचं. लाइट, नाइट, राइट, फाइट. कागदावरची नावं लिघट, निघट, रिघट, फिघट. संध्याकाळी लाइट गेली की अंधारात कुणीतरी ओरडायचं, "लिघट गेलं!" आणि आबा चिमणी पेटवता पेटवता हसायचे.

ओ यू जी एचनं मात्र सगळ्यांना पाणी पाजलं. टफमध्ये फ, थ्रूमध्ये ऊ, दोमध्ये ओ, आणि एकच चाल सगळ्यांना लागेना. कफ म्हणजे खोकला, हे आज्जीला मरेपर्यंत पटलं नाही. "कफ येगळा, खोकला येगळा. कोरड्या खोकल्यात कुठला आलाय कफ?" तिचं काय चुकलं होतं?

एकदा आबांनी विचारलं, "नांगराला काय म्हंत्यात रं?"

"प्लाऊ," दादा म्हणाला. "पी एल ओ यू जी एच."

आबांनी बोटं मोजली. "म्हंजी मागची दोन अक्षरं बोलायचीच न्हाईत? मग ठिवल्यात कशाला?"

आमच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते; पुढं त्यांनीच तो डोक्यावर घेतला. आबांनी तो उभी हयात चालवलेला. त्यात बिनकामाचा एक बोल्टही त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्याच्या नावात दोन-दोन अक्षरं फुकट बसलेली!

खूप पुढं वाचनात आलं, की ती दोन अक्षरं एके काळी बोलली जात होती. घशातून घासून येणारा, खच्या जवळपासचा आवाज होता तो. बोलण्यातनं तो गेला, कुठं त्याचा फ झाला, कुठं तो पार मुका झाला. छापखान्यानं स्पेलिंग मात्र जुनंच धरून ठेवलं. अमेरिकेनं पी एल ओ डब्ल्यू करून आपली सुटका करून घेतली. हे ऐकायला आबा नव्हते. असते तरी अमेरिकेचंच कौतुक केलं असतं.

आता घरातली पोरं इंग्रजी मीडियमला. के एन आला की "सायलेंट के" म्हणून मोकळी होतात. आमची क्नाइफ आणि क्नी त्यांना करमणूक वाटते. परवा लग्नाच्या कार्यक्रमाचा फलक हातानं रंगवायला बसलेला पुतण्या मध्येच थांबला. फोन चार्जिंगला लावलेला. "वेन्सडेत डी कुठं येतो?" सोप्यातनं, माजघरातनं, जिन्यावरनं एकदमच उत्तर आलं, "वेड-नेस-डे!" आणि कुणी विचारलं नसताना मोठ्या आईच्या थोरल्यानं मागनं जोडलं, "फेब-रु-आरी."