मशीन घेण्यापूर्वी

सांगली

चि. मुग्धा हिस,


तू पाठवलेले तिन्ही कॅटलॉग सावकाश वाचले. तिन्हींत सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच गोष्ट छापली आहे: तासाला किती लिटर. एवढ्या आकड्यावर मशीन ठरवू नकोस. तुझं दुकान रत्नागिरीत, धंद्याचे खरे दिवस एप्रिल-मेचे, त्यात दमट हवा आणि संध्याकाळी पडणारं व्होल्टेज. तिथे तुझ्या हापूसच्या मिक्सवर ते मशीन काय करेल, हे कुठल्याच कॅटलॉगात सापडणार नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: स्वतःचं मिक्स घेऊन जा, डोळ्यांसमोर बॅच काढायला लाव आणि मगच अॅडव्हान्स दे.

बॅच फ्रीझरच घे, याबद्दल मला शंका नाही. कंटिन्युअस मशीन एकच फ्लेवर तासन्‌तास काढणाऱ्या कारखान्याला शोभतं. सॉफ्टीचं मशीन गिऱ्हाईक खेचतं खरं, पण तुला घट्ट स्कूपचं आईस्क्रीम विकायचंय. आज हापूस, उद्या फणस, परवा शहाळं, असं थोडं थोडं आणि ताजं.

मीठ-बर्फाचा पॉट असो की लाखो रुपयांचं मशीन, आत घडतं ते सारखंच. थंड भिंतीला लागलेलं मिक्स गोठतं आणि पातं ते खरवडून आत लोटतं. नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये अमेरिकेत हाताने फिरवायच्या पॉटचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. गोठणं जितकं झटपट, तितके बर्फाचे कण बारीक आणि आईस्क्रीम जिभेला मऊ. पातं झिजलं की भिंतीवर बर्फाचा पातळ थर राहतो. तो थरच थंडी अडवतो, बॅच रेंगाळते आणि आईस्क्रीम कचकचीत लागतं. तेव्हा पाती सुटी मिळतात का, केवढ्याला आणि किती दिवसांत, हे आधीच विचारून घे.

ट्रायलला जाताना मिक्स पाश्चराइझ करून, रात्रभर ४ अंशांवर मुरवून, बर्फाच्या पेटीतून ने. हापूसचा रस गार मिक्समध्येच मिसळ. मिक्स ओतलं की घड्याळ लाव. दहा-बारा मिनिटांत बॅच आली तर मशीनमध्ये दम आहे. वीस मिनिटं लागली तर तिथूनच परत फीर. बाहेर पडणाऱ्या आईस्क्रीममध्ये थर्मामीटर खुपस, उणे ५-६ अंशांच्या आसपास हवं. आणि पहिल्या बॅचवर भुलू नकोस. लागोपाठ तिसरी काढायला सांग. कॉम्प्रेसर तापला की मशीनचा खरा स्वभाव कळतो.

मग हवा किती भरली ते पाहा. लिटरचं एकच माप आधी मिक्सने आणि नंतर आईस्क्रीमने भरून तोल. मिक्स ११०० ग्रॅम आणि आईस्क्रीम ८०० ग्रॅम भरलं, तर ओव्हररन साधारण ३७ टक्के. कायद्याने आईस्क्रीम लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं की पुरे, म्हणजे जवळजवळ निम्मी हवा विकता येते. तू त्या वाटेला जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. हापूसचा स्वाद हवेत पातळ करून विकण्यात कसली आलीय मजा!

कंडेन्सर एअर-कूल्ड घे. वॉटर-कूल्ड उन्हाळ्यात चांगलं चालतं, पण मे महिन्यात त्याला पाणी कुठून आणशील? मात्र एअर-कूल्ड मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, गरम हवा बाहेर जायला वाट हवी. खाऱ्या वाऱ्याने फिन्स लवकर खराब होतात, कोटिंग केलेल्या मिळतात का ते विचार. महावितरणचा मंजूर भार आणि थ्री-फेजचं काम मशीन यायच्या आत उरकून घे. लाईट गेली आणि लगेच आली, तर कॉम्प्रेसर तीन-चार मिनिटं थांबूनच सुरू व्हायला हवा. ती सोय मशीनमध्ये आहे का, पाहा.

सगळे पैसे मशीनमध्ये मात्र घालू नकोस, मुग्धा. मशीनमधून निघालेल्या आईस्क्रीममधलं बरंचसं पाणी अजून गोठलेलं नसतं. साध्या डीप फ्रीझमध्ये ते हळूहळू गोठत गेलं, तर मशीनने केलेले बारीक कण तिथे मोठे होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. बजेट अपुरं पडत असेल तर मशीन एक नंबर लहान घे, पण आईस्क्रीम झटपट घट्ट गोठवणारा हार्डनिंगचा चांगला फ्रीझर घेच.

शेवटी धुणं. डॅशर (पाती बसवलेला फिरता दांडा), पाती, पुढचं दार आणि रबरी रिंगा पाना न लावता सुट्या होतात का, ते सेल्समनकडून नव्हे, स्वतःच्या हाताने करून बघ. रात्री दहा वाजता दमलेली तुझी कामगार मुलगीही ते करू शकली पाहिजे, नाहीतर दुधाचा अंश रिंगेखाली राहणारच.

मेकॅनिक रत्नागिरीतलाच आहे की कोल्हापूरहून येणार, हे लेखी घे. आणि ट्रायलची तारीख ठरण्याआधी मिक्सचं प्रमाण मला पाठव. रसाची गोडी धरून साखर किती होते, ते मला पाहायचंय. जास्त असेल तर कुठलंच मशीन ते आईस्क्रीम घट्ट करणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी