वळणावरचा आवाज

सरळ रस्त्यावर गाडीचे बरेच दोष दडून राहतात. वळण आलं की वजन बाहेरच्या अंगाच्या चाकांवर जातं, पुढची चाकं तिरकी होतात, बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त धावतं. मग जो भाग झिजला असेल तो बोलायला लागतो. हे मला लहानपणी कराडच्या एका मेस्त्रींनी समजावलं आणि पुढे घरात आलेल्या एकेका गाडीनं त्याची खात्री पटवली.

पहिली गाडी अण्णांची, प्रीमिअर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. कागदावर नाव पद्मिनी असलं तरी घरात सगळे तिला फियाटच म्हणत. आजोळ चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाटातली वळणं आम्हा भावंडांना तोंडपाठ होती. एका मे महिन्यात त्या वळणांवर गाडीच्या मागच्या बाजूनं घरघर ऐकू यायला लागली. धान्य संपल्यावरही जातं फिरत राहावं आणि दगडावर दगड घासावा, तसा आवाज. रस्ता सरळ झाला की तो बंद.

मेस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, “अण्णा, मैदानात घ्या गाडी. आधी डावीकडनं गोल, मग उजवीकडनं. घाई करू नका.” दोन्ही फेऱ्यांत ते डोळे मिटून बसले होते. खाली उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. “पोरा, वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो. मागच्या दोन्ही चाकांना एकाच वेगानं फिरवलं तर एक घासणार. म्हणून मधे डिफरन्शियल असतं. त्यातले बारके गिअर सरळ रस्त्यावर आपल्या जागी गप असतात, वळणावरच फिरतात. आवाज वळणावरच येतोय ना? मग बघायचं कुठं?” मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सोडलं, तर त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. आवाजावरून रोगापर्यंत पोहोचण्याची ती शिस्त माझ्या मनात कायमची रुजली.

मग मारुती ८०० आली. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात बाजारात आली आणि तिच्यासोबत मेस्त्री लोकांच्या हाताखाली नवीन रचना आली. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, आणि वळायचंही त्याच चाकांनी. म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याला वाकलेल्या अवस्थेतही एकसारख्या वेगानं फिरता आलं पाहिजे. ते काम सीव्ही जॉइंट करतो. फोर्डमधल्या आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्यानं १९२०च्या दशकात बसवलेली ही युक्ती आहे: खाचांमधून सरकणारे सहा पोलादी गोळे. त्यांच्यावर ग्रीस भरलेलं असतं आणि ते जपायला रबराचा बूट. तो बूट फाटला, की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि आत पाणी-धूळ शिरते. आमच्या गाडीला हेच झालं. स्टिअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सलरेटर दिला की पुढून कटकटकट. रिमच्या आतल्या अंगाला उडालेल्या काळ्या ग्रीसचा पट्टा दिसत होता. नुसता बूट फाटला असेल आणि आवाज सुरू झाला नसेल, तर जॉइंट धुऊन, ग्रीस भरून, नवीन बूट बसवून भागतं. कटकट सुरू झाली की बहुतेक वेळा जॉइंटच बदलावा लागतो. वेळेवर वाकून पाहणाऱ्याचा खर्च वाचतो, तो असा.

प्रत्येक आवाज असा गंभीर नसतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर कधी ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकतो आणि कानठळ्या बसवणारी खरखर होते. खडा काढला की सगळं शांत. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी ‘टक्’ झाली, तर स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगकडे पाहायचं.

अलीकडे पुण्याहून कराडला जाताना खंबाटकी घाट चढत होतो. उजव्या वळणावर खालून घूंऽऽ असा जड आवाज वाढायचा, डाव्या वळणावर विरायचा. डांबरी रस्ता असो की काँक्रीटचा, त्यात फरक नव्हता; म्हणून टायरचा संशय मिटला. गाडी न्यूट्रलला घेतली तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिनही सुटलं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा डावं व्हील बेअरिंग.

गॅरेजमधल्या तरुण मुलानं मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास आपल्या हातावर ठेवला. जॅकवर गाडी घेतली, एक हात स्प्रिंगवर टेकवला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. “सर, तुम्ही हात ठेवा.” डाव्या स्प्रिंगमधून बारीक थरथर तळहाताला लागली, उजवी बाजू शांत होती. जुनं बेअरिंग काढलं तर आतली वाट खड्ड्यांनी भरलेली. नवीन बेअरिंग त्यानं हातोड्यानं ठोकलं नाही, प्रेसवर बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवलं. आतून दाब पडला की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवा माल पहिल्या दिवसापासून घरघरतो. हबचा नट टॉर्क पान्यानंच आवळला. कराडच्या मेस्त्रींचा आणि या मुलाचा काळ वेगळा, हत्यारं वेगळी. ऐकायचं, मग हात लावायचा, मग खोलायचं, हा क्रम मात्र एकच.

आज गाड्यांच्या काचा बंद असतात, एसी आणि गाणी चालू असतात. चाकाची तक्रार आत पोहोचतच नाही. बेअरिंग पार झिजलं की चाकाला ढिलाई येते आणि उतारावर ती जिवावर बेतू शकते. म्हणून घाटाच्या प्रवासाआधी एकदा गाणी बंद करा, काचा खाली करा, मोकळ्या जागेत हळूहळू दोन्ही बाजूंना गोल फिरा. कुठल्या वळणावर, कुठल्या वेगात, कुठल्या बाजूनं आवाज आला ते कागदावर लिहा आणि मेस्त्रींना नेमकं तेवढंच सांगा. त्यांचं अर्धं काम तुम्ही केलेलं असेल, आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.