सोमवारपासून उलटा मोजलेला वीकेंड

उमरोळीत वाढलेल्या माणसाला वेळापत्रक शिकवावं लागत नाही. ज्यांना उमरोळी माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच!) सांगतो - पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसरच्या मधलं छोटं स्टेशन. पालघरला थांबणाऱ्या, बोईसरला थांबणाऱ्या लांबच्या गाड्या आमच्या तोंडावर धूळ उडवत निघून जातात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत यायला लागल्या, त्याआधी सगळी भिस्त शटल आणि मेमूवर. आजही एक गाडी चुकली तर पुढची चार मिनिटांत येत नाही. त्यामुळे कॉलेजात मित्र "बघू रे, निघू रात्री" म्हणायचे तेव्हा माझ्या डोक्यात आधी शेवटची डहाणू लोकल यायची. नाटक, लग्न, वाढदिवस... कार्यक्रम कुठलाही असो, मी आधी परतीची गाडी बघणार आणि मग केक.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे बोईसरचाच एक पोरगा, ऑफिसात मला ज्युनियर, आता टोकियोला ऑनसाईट चाललाय. मी तिथे दोन हिवाळे काढून आलोय हे त्याला माहीत. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो राहायच्या जागेचा नाही, डाळ-तांदळाचा नाही. "दादा, वीकेंडला स्कीइंगला कसं जायचं? आणि म्हणे रात्रीपण करतात?"

करतात. सांगतो.

आधी भूगोल, कारण तो आपल्याला न शिकता येतो. जून-जुलैत अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात, सह्याद्रीला धडकतात, कोकणात धो धो ओततात आणि घाट ओलांडून थोडं पूर्वेला गेलं की लोक आभाळाकडे बघत बसलेले. जपानात हेच हिवाळ्यात होतं. सायबेरियाकडून थंडगार कोरडे वारे निघतात, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि मधल्या डोंगररांगेला आदळतात. फरक इतकाच की पावसाऐवजी बर्फ पडतो. डोंगराच्या अलीकडे टोकियोत जानेवारीत निळंभोर आकाश आणि कोरडी हवा. पलीकडे निइगाता प्रांतातल्या युझावाला घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत बर्फ. म्हणजे टोकियो हे आपलं 'देशावरचं' गाव आणि युझावा म्हणजे कोकण!

या दोहोंच्या मधे दाइशिमिझु नावाचा २२ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. १९८२ मध्ये जोएत्सु शिंकानसेन सुरू झाली ती यातून. गाडी पाचेक मिनिटं अंधारात असते. आत शिरताना बाहेर पिवळं गवत आणि ऊन, बाहेर पडताना सगळं पांढरं. डोळ्यांना अक्षरशः धक्का बसतो. (१९३१ चा जुना बोगदा वेगळा. कावाबाताच्या 'हिमप्रदेश' कादंबरीची सुरुवात त्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीने होते. पुढे त्याला नोबेल मिळालं, १९६८ मध्ये.)

मी राहायचो निशी-कासाईला. एदोगावा वॉर्डातला हा भाग, २००० च्या सुमारास आलेल्या आपल्या आयटीवाल्यांनी भरत गेला. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले, त्यावरून अंदाज घ्या. इथून मेट्रोने ओतेमाची, तिथून चालत टोकियो स्टेशन, आणि सहा वाजल्यानंतरच्या पहिल्या गाड्यांपैकी एक पकडायची. सुमारे २०० किलोमीटर अंतर, ८० मिनिटांच्या आसपास. गाला युझावा नावाचं एक स्टेशन आहे, १९९० साली उघडलेलं. ते फक्त हिवाळ्यात चालू असतं, कारण त्या स्टेशनाला स्की रिसॉर्टशिवाय दुसरं कामच नाही. गाडीतून उतरायचं, त्याच इमारतीत बूट-स्की भाड्याने घ्यायचे, वरच्या मजल्यावरून गोंडोलात बसायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थोडा वेळ नुसता उभा राहिलो. आमच्याकडे चर्चगेटहून शंभरेक किलोमीटर यायला दोन तासांच्या वर लागतात आणि शेवटी रिक्षा शोधावी लागते.

आता मुद्द्याचं. सगळे लोक वीकेंडचा प्लॅन शुक्रवार संध्याकाळपासून पुढे करतात. मी तो सोमवार सकाळपासून मागे करतो.

सोमवारी सकाळी डोकं ताळ्यावर हवं. म्हणजे रविवारी अंग दुखायला मोकळं हवं (आणि दुखतंच. पहिल्या दिवशी कुठले कुठले स्नायू असतात याची ओळख होते). म्हणजे स्कीइंग शनिवारी. शनिवारी रात्री निशी-कासाईला पोहोचायचं तर शेवटच्या मेट्रोच्या आत टोकियो स्टेशन गाठायला हवं. शेवटच्या गाडीला जपानी लोक 'शूदेन' म्हणतात आणि त्यांच्या तोंडी तो शब्द इतक्या काळजीने येतो की मला एकदम विरारच्या पुढे आल्यासारखं वाटलं. वर शिंकानसेन रात्री १२ ते सकाळी ६ धावतच नाही, देशात कुठेच नाही. म्हणजे युझावाहून निघायची शेवटची गाडी कोणती हे ठरलं. तिच्या आधीची गाडी 'आपली', शेवटची राखीव. मग त्यातून बूट परत करायचा, कपडे बदलायचा, बसचा वेळ वजा करायचा. जे उरतं तो तुमचा स्कीइंगचा दिवस.

हे वाचायला रुक्ष वाटतं हे मान्य. पण रात्रीच्या स्कीइंगला हेच गणित कामी येतं. त्याला तिथे 'नाइता' म्हणतात. मूळ शब्द प्रकाशझोतात खेळल्या जाणाऱ्या बेसबॉलच्या सामन्यांचा, मग डोंगरावरही गेला. युझावाच्या पलीकडे नाएबा म्हणून मोठं रिसॉर्ट आहे, तिथला नाइता प्रसिद्ध. युझावाहून तिथे जायला बस. लिफ्ट रात्री किती वाजता बंद होतात ते त्या मोसमाचं वेळापत्रक बघूनच ठरवा, आणि परतीची बस त्याच्याशी जुळतेय का तेही. जुळत नसेल तर तिथे राहायचं किंवा नाइता सोडून द्यायचा. मधला मार्ग नाही. बर्फातल्या बस स्टॉपवर रात्री रिक्षावाला मिळत नसतो!

नाइता बघायला मात्र जावंच. दिव्यांच्या रांगा डोंगरावर चढत गेलेल्या, हवेत बर्फाचे कण तरंगत, आणि आवाज फक्त स्कीच्या घासण्याचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची. दिवसा उन्हाने वरचा बर्फ मऊ होतो आणि सूर्य गेला की तोच पुन्हा गोठतो. दुपारी ज्या उतारावर तुम्ही मजेत घसरत होता तो रात्री काच होतो. दिव्यांच्या उजेडात उंचवटे नीट कळत नाहीत आणि पाय तोपर्यंत थकलेले. म्हणून माझा नियम: रात्री फक्त त्याच उतारावर जायचं जो दिवसा दोनदा उतरून झालाय. आणि "शेवटची एक राऊंड" हे शब्द कोणी उच्चारले की समजायचं, ती आत्ताच झाली.

पहिल्या नाइताचे फोटो घरी पाठवले. बाबांनी तारापूर एमआयडीसीत आयुष्यभर शिफ्ट केली. त्यांच्या दृष्टीने रात्र दोन प्रकारची, झोपायची नाहीतर ड्यूटीची. ते म्हणाले, "रात्री एवढे दिवे लावून डोंगरावर घसरायचं? पगार कोण देतं?" म्हटलं, आपणच देतो बाबा. आईचा प्रश्न जास्त नेमका होता. "पडायला पैसे देतोस?"

पैशांचं तिने बरोबर पकडलं. शिंकानसेनचं एका बाजूचं तिकीटच सहा हजार येनच्या वर, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपयांच्या घरात. त्यात लिफ्टचा पास, स्कीचं भाडं, जेवण. घरी हप्ता चालू असताना हा आकडा टोचतो. आणि नेमका इथेच तो स्वस्त पर्याय समोर येतो. शुक्रवारी रात्री टोकियोहून सुटणारी स्की-बस. रात्रभर प्रवास, पहाटे डोंगराच्या पायथ्याशी, लिफ्टच्या पासासकट पॅकेज. रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात, शनिवार पूर्ण मिळतो. कागदावर याच्यासारखं काही नाही.

आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या हिवाळ्यात यावरून बरीच वादावादी झाली. मला सतत एकच तारीख आठवत होती. १५ जानेवारी २०१६. टोकियोहून नागानोच्या स्की रिसॉर्टकडे जाणारी अशीच रात्रीची बस, ड्रायव्हर धरून ४१ माणसं. मध्यरात्रीनंतर कारुइझावाजवळ घाटात रस्ता सोडून खाली गेली. १५ जण गेले. त्यातले १३ कॉलेजातली मुलंमुली आणि दोघे ड्रायव्हर. नंतर बाहेर आलं की त्या फेरीचं भाडं सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षाही कमी घेतलं होतं आणि चालवणाऱ्याला मोठ्या बसची पुरेशी सवय नव्हती. कंपनीच्या दोघा जबाबदार माणसांना २०२३ मध्ये कोर्टाने शिक्षा दिली. त्या अपघातानंतर जपानने नियम कडक केले, हेही खरं.

मी ग्रुपला म्हटलं, आपला या आठवड्यात रिलीज आहे, शुक्रवारी रात्री दहापर्यंत आपण लॅपटॉपसमोर असणार. मग बसमध्ये अर्धवट झोप आणि सकाळी सातला पायात स्की. समजा बस अगदी व्यवस्थित पोहोचली, तरी आपण व्यवस्थित पोहोचू का? एक जण म्हणाला, "यार, तू फारच घाबरतोस." तिघे बसने गेले. मी आणि रूममेट शनिवारी सकाळच्या शिंकानसेनने. ते तिघे मजेत गेले, मजेत आले, आमच्यापेक्षा बरेच पैसे वाचवून. त्यांचा दिवस माझ्यापेक्षा दोन तासांनी मोठा होता आणि फोटोही जास्त चांगले होते. हे मुद्दाम लिहितोय. काळजी घेणाऱ्याला दर वेळी बक्षीस मिळतं असं काही नाही. बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि जादा खर्च तेवढा दिसतो.

तरी मी पुन्हा तसंच करीन. बोईसरच्या त्या पोरालाही सांगितलं, बस घ्यायचीच तर दिवसाची घे, किंवा शुक्रवारची सुट्टी टाकून झोप काढून जा. बस चालवणारे किती, थांबे किती, हे विचारायला लाजू नको. आणि नुसतं उभं राहून घसरून बघायचं असेल तर डोंगरापर्यंतही जायला नको. टोकियोला लागूनच सायतामात सायामा नावाचं छपराखालचं स्की मैदान आहे, १९५९ पासूनचं. उतार ३०० मीटरचा, लोकलने जाता येतं. तिथे संध्याकाळी दोन तास पडून ये. स्कीची पुढची टोकं जवळ आणून पाचर करायची आणि थांबायचं, एवढं जमलं की मग युझावा. थांबता येत नसताना डोंगर चढण्यात काय अर्थ आहे?

मी आता परत उमरोळीत आहे, आठवड्यातून काही दिवस ऑफिस, बाकी घरून. इथे बर्फ नाही, पण वीकेंड आहे आणि डोंगर आहेत. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीजवळचा काळदुर्ग, हायवेलगतचा अशेरीगड. मुंबईचे मित्र पौर्णिमा बघून नाइट ट्रेकला येतात तेव्हा मी तीच एक्सेल शीट उघडतो. फक्त शिंकानसेनच्या जागी डहाणू लोकल घालतो. मंडळी हसतात. उतरताना अंधारात घसरडं लागलं की मग माझ्याकडेच टॉर्च मागतात :)

आणि हो, शिंकानसेन आता आमच्याकडेही येतेय. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार. २०१७ मध्ये पायाभरणी झाली, आमच्या जिल्ह्यात जमिनीवरून भांडणं झाली, आंदोलनं झाली. ज्यांची जमीन गेली त्यांचा हिशोब मी इथे दोन ओळींत मांडू शकत नाही. ८० मिनिटांत २०० किलोमीटरचं सुख घेऊन आलेला माणूस म्हणून मला ती गाडी हवी आहे, हेही लपवत नाही. फक्त एक शंका आहे. मुंबईहून रात्रीच्या बुलेट ट्रेनने बोईसरला उतरलो, तर पुढे उमरोळीला यायला लोकल असेल का?

असो. शीट त्या पोराला पाठवून दिली. त्याचा लगेच मेसेज: "दादा, यात 'कधी परत फिरायचं' हा कॉलम पहिला का आहे? तो शेवटी हवा ना?" त्याला लिहिलं, डोंगरावर थंडीत, दमलेलं असताना आणि मजा येत असताना तो कॉलम कोणालाही नीट भरता येत नाही. गुरुवारी रात्री घरी, जेवण झाल्यावर भरता येतो. म्हणून पहिला.

आणि थर्मल दोन घे. मोजे तीन जोड. तिकडे मिळतात, पण पहिल्या पगाराआधी महाग वाटतात.