फी फी बेटावरची पहिली संध्याकाळ

फुकेतहून निघालेली बोट दोनेक तासांनी थायलंडच्या फी फी डॉन बेटावर पोहोचली, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, ही बोट परत किती वाजता जाते? हिरवं पाणी होतं, चुनखडीचे सरळसोट कडे होते, पण धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाठीवर बोचकी घेतलेली जगभरची पोरं आणि त्यांच्यातून तोंडानेच ‘बीप बीप’ करत हातगाड्या ढकलणारे हमाल. बेटावर मोटारी नाहीत, म्हणून भोंगाही माणसानेच वाजवायचा!

आम्ही दोघं नवरा-बायको, पाठीवर एकेक पिशवी. गल्लीतल्या खोलीत सामान टाकून लो दालमच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे प्लास्टिकच्या बादल्यांतून दारू विकत होते आणि गाण्यांच्या दणक्यात शेजारी काय बोलतोय ते कळत नव्हतं. मी हर्णैची. भाईने आमच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं काढलं, तेव्हा मीच भांडले होते. सहा महिने आमचं धड बोलणं नव्हतं. “बघा, गर्दी आली की असं होतं,” मी यांना म्हणाले.

तेवढ्यात मगरिबची अजान ऐकू आली. मी चमकलेच. या बेटावरची मूळ वस्ती बहुतांशी मुसलमानांची, मासेमारी आणि नारळावर जगणारी. शेजारच्या फी फी ले बेटावर, माया बे इथे चित्रित झालेला ‘द बीच’ हा सिनेमा 2000 साली आला आणि माणसांचा लोंढा वाढतच गेला. शेवटी प्रवाळ वाचवण्यासाठी 2018 मध्ये माया बे बंद करावी लागली. 2022 मध्ये उघडली ती बंधनं घालूनच.

नमाजनंतर हे मला एका गाडीपाशी घेऊन गेले. हलालची पाटी, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई केळं घालून रोटी भाजत होती. सलाम झाला. मोडकं इंग्रजी आणि हातवारे यांवर गप्पा सुरू झाल्या. आम्ही बसलो होतो ती दोन खाडींमधली सखल, चिंचोळी पट्टी. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी इथे दोन्ही बाजूंनी आली. बाईने एक हात इकडून आणला, एक तिकडून, आणि तळवे एकमेकांवर आपटले. मग पुन्हा पीठ घेतलं. घरातलं कोण गेलं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

“या आवाजाचा त्रास होत नाही?” मी किनाऱ्याकडे बोट दाखवलं.

ती हसली. झोप येत नाही म्हणाली. पण कोविडमध्ये बेट रिकामं पडलं, तेव्हाही झोप येत नव्हती. तवा थंड, मुलांची शाळा, घरभाडं. तिच्या वडिलांची होडी होती. तिच्याकडे ही गाडी. रोटीवर दूध ओतून तिने कागदात बांधून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

खोलीवर येऊन मी भाईला फोन लावला. त्याला आश्चर्यच वाटलं असावं.

“किती खोल्या काढतोयस?”

“चार.”

“आणि माड किती तोडणार?”

तो काही बोलला नाही. बाहेर गाणी एवढी वाढली होती की तो बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. सकाळी पुन्हा करते, असं सांगून मी फोन ठेवला.