वाट मोकळी करणारा हिरो

मुलांना शूर माणसाची गोष्ट सांगायची असेल, तर कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांची सांगा.

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांच्या वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, पण मागे फिरले नाहीत. एकदा तर ते रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्यासोबत सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत पुढे गेले. ८ ते ११ एप्रिल, गोळीबारात हेच काम. चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. १९६८ पर्यंत ते सैन्यात होते. १९९४ मध्ये पुण्यात वारले.

मी सीए. आमच्याकडे आकडा चुकला तर दुरुस्तीची नोंद टाकता येते. सुरुंगाच्या कामात ती सोय नाही. म्हणून मला त्यांच्या धाडसाइतकंच त्यांचं लक्ष मोठं वाटतं: अंगावर जखम, वरून गोळ्या, तरी नजर जमिनीवर.

इथे आमच्या लेकीला सिनेमात भेटणारे हिरो बहुतेक शत्रूला मारणारे. हा हिरो मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करणारा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना हेही शौर्यच असतं, हे कळायला हवं ना?

तुम्ही घरी कोणाची गोष्ट सांगता?