वालावलचा फतकल्या

कोकण रेल्वेच्या गाडीतून कुडाळला उतरलात, की पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती तांबडी माती. घरं तांबड्या चिऱ्याची, गडगे तांबडे, आणि पायवाटेनं दहा मिनिटं चाललं की आपले पायसुद्धा तांबडे! सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. कुडाळ हा त्यातलाच एक तालुका. इथल्याच पिंगुळी गावात ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चित्रकथी सांगतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचलं असेल.

मी मात्र निघालो होतो वालावलला. तळ्याकाठचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ बघायचं, दोन दिवस राहायचं आणि परतायचं, असा बेत होता. राहिलो आठ दिवस. कारण काय, तर एक कोंबडीचं पिल्लू!

उतरलो होतो मित्राच्या गावच्या घरी. शिमगा नुकताच झाला होता, मुंबईचे चाकरमानी परत गेले होते. घरात मित्राची आई आणि तिची दोन नातवंडं. नात सहावीत, नातू तिसरीत. मुलांची ती आजी, म्हणून माझीही आजीच झाली. घर कौलारू. पुढचं खळं शेणानं सारवलेलं, मागे परसात खुराडं. पडवीला मात्र नव्या चकचकीत लाद्या बसवलेल्या. त्या लाद्या लक्षात ठेवा बरं का, पुढे त्यांचं काम आहे.

आजीनं एका खुडूक कोंबडीला तेरा अंड्यांवर बसवलं होतं. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. मी पोचलो तो नेमका एकविसावा दिवस. दहा पिल्लं बाहेर आली, दोन अंडी वाया गेली, आणि एका अंड्याला नुसताच तडा. आतून 'चिव चिव' चाललेलं. पण आई किती थांबणार? दहा पिल्लं तिच्याभोवती लुडबुडत होती, ती त्यांना घेऊन उठली. आजीनं ते राहिलेलं अंडं पडवीत आणून डालग्याखाली ठेवलं आणि उबेसाठी वर बल्ब टांगला. रात्री केव्हातरी पिल्लू बाहेर आलं.

सकाळी बघतो तर पिल्लू सुकून छान कापसासारखं झालेलं, पण उभंच राहीना! एक पाय डावीकडे, एक उजवीकडे, आणि पोट जमिनीला टेकलेलं. उठायला गेलं की पाय आणखी फाकायचे. धाकट्यानं लगेच नाव ठेवलं, 'फतकल्या'.

आजी म्हणाली, "ह्या काय जगाचा नाय रे झिला."

तिला निर्दय म्हणू नका. तिनं जन्मभर कोंबड्या पाळल्यात. खळ्यावर घार फिरते, गडग्यात मुंगूस असतं. ज्याला आईमागे पळता येत नाही ते पिल्लू संध्याकाळ बघत नाही, हे तिनं कितीदा पाहिलं असेल! शिवाय हा कोंबडी-वड्यांचा मुलूख. इथे कोंबडीचं कौतुक बहुतेक ताटात वाढल्यावरच होतं. पण नात ऐकेना. तिनं चपलांच्या खोक्याला भोकं पाडली आणि आम्ही तिघं फतकल्याला घेऊन एस. टी. नं कुडाळच्या गुरांच्या दवाखान्यात निघालो. "एका पिलासाठी डाक्टर? हसतले लोक!" आजी मागून ओरडत होती.

लोक हसले, हे खरं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पिल्लू तळहातावर उलटं धरलं, पायाचा मधला सांधा दोन बोटांत दाबून पाहिला. "इथे सूज नाही, म्हणजे स्नायूबंध जागेवरून सरकलेला नाही. बोटंही सरळ आहेत. हे ठेवलं होतं कुठे?" लाद्यांचं ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे स्नायू आणि सांधे मऊ असतात. पेंढ्यात किंवा सारवलेल्या जमिनीवर नखं रुततात, पाय अंगाखाली राहतात. गुळगुळीत लादीवर ते घसरतात, आणि तसेच राहिले की त्याच जागी घट्ट होत जातात. म्हणून उपाय पहिल्या एक-दोन दिवसांतच करायचा. आठवडा गेला की फार कठीण.

उपाय काय, तर जखमेवर लावतात ती कापडी चिकटपट्टी! तिची पाव इंच रुंदीची फीत कापून डॉक्टरांनी दोन्ही पायांभोवती सैलसर गुंडाळली आणि मधे साधारण एक इंच अंतर सोडलं. झाली पायातली बेडी. पिल्लू उभं राहील तेव्हा पाय बरोबर अंगाखाली यावेत, इतकंच ते अंतर. पट्टी आवळून लावली तर रक्त पुढे जात नाही, पाऊल सुजतं. पिल्लू रोज वाढतं, म्हणून पट्टीही रोज तपासायची.

बाकावर एक गृहस्थ तीन महिन्यांची तलंग घेऊन बसले होते. तिचा एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. धाकटा म्हणाला, "डॉक्टर, हिलापण पट्टी लावा ना!" डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "हिला बहुतेक मरेक नावाचा आजार आहे, बाळा. त्याचा विषाणू पायाकडे जाणाऱ्या नसा बिघडवतो. पट्टी लावून तो जात नाही. त्याला औषधच नाही." लस असते, पण ती पिल्लाला अगदी पहिल्या दिवशी द्यावी लागते. ते गृहस्थ तलंग उचलून निघून गेले. आम्ही एस. टी. त बसलो तरी धाकटा काही बोलला नाही.

पाय वाकडे होण्याची आणखीही कारणं डॉक्टरांनी सांगितली. बोटं मुठीसारखी आत वळली तर बहुधा 'ब-२' जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. हाडं मऊ पडली तर 'ड' जीवनसत्त्व नाहीतर कॅल्शियम. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही ते यामुळेच. आणि धाकटा फतकल्याची पापी घ्यायला गेला तेव्हा त्यांनी चांगलाच दम भरला. पिल्लाच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. हात लावला की साबणानं धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही!

घरी आजीचा पहिला प्रश्न, "पाय बांदल्यार चलतला कसा?" आणि खरंच, पहिल्या दिवशी फतकल्या उठला की चोचीवर आपटायचा. खोक्यात गोणपाट अंथरलं, त्याचे सुटे धागे कापून टाकले. पाण्यासाठी बरणीचं झाकण, आणि त्यात खडे, म्हणजे तोंडावर पडला तरी बुडणार नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. आमच्याकडे तापमापक नव्हता, पण त्याचं अडलं नाही. पिल्लू बल्बखाली अंग चोरून बसलं तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकायला लागलं तर उकडतंय. तासातासानं नात त्याला चहाच्या पेल्यात उभं करायची. पेल्यात फडकं कोंबलेलं, पाय सरळ खाली. तोपर्यंत धाकटा चोचीशी पाण्याचा थेंब धरायचा.

दुसऱ्या दिवशी फतकल्या दहा आकडे मोजेपर्यंत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी बघतो तर आजी कुदळ घेऊन कुंपणाकडे निघालेली. परतली ती वारुळाचं ढेकूळ घेऊन. खोक्यात फोडलं तशी पांढरी वाळवी पसरली, आणि आमचा फतकल्या बेडीसकट धावला की हो! "कण्या खावन खंय ताकद येता?" आजी म्हणाली. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण आजी वाळवी कितीतरी वर्षं घालत आली होती.

पाचव्या दिवशी खोबरेल तेल लावून पट्टी सोडवली. उजवा पाय अजून थोडा बाहेर पडत होता. पण चालणं चालू होतं.

खरी भीती पुढेच होती. आई त्याला घेईल का? कोंबडी परक्या पिल्लाला टोचून मारतेसुद्धा. आजी म्हणाली, दिवसा मुळीच सोडायचं नाही. अंधार पडल्यावर तिनं खुराड्यात हात घातला आणि फतकल्याला हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. कोंबडी 'कुर्र' करून जरा हलली. मग गप्प.

सकाळी उजाडायच्या आत मुलं परसात. आजी खुराड्याच्या दाराशी उकिडवी बसून मोजत होती. कोंबडी बाहेर आली, मागून घोळका. आठ... नऊ... दहा. मग बराच वेळ कुणीच नाही. धाकट्यानं माझा हात घट्ट धरला. आणि दारातून एक पिल्लू उजवा पाय जरासा फेकत आलं, थांबलं, आणि आईनं चोचीनं दाखवलेला दाणा टिपायला धावलं.

"अकरा," आजी म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली.